पासिंगचे टायर

मुलाने सेकंड हॅण्ड गाडी घेतली तेव्हा मी त्याला एकच विचारलं, "टायर कुणाचे आहेत?" तो हसला. "आई, गाडीचेच असणार ना, आणखी कुणाचे?" परवा त्या गाडीची वयोमानानुसार तपासणी झाली. आता म्हणे सगळं मशीनवर होतं, गाडी रोलरवर चढवतात आणि संगणक निकाल देतो. तिथूनच त्याचा फोन आला, "आई, पास! एका फटक्यात!" मी "बरं झालं" म्हटलं आणि तो घरी आल्यावर हळूच खाली उतरले. गुडघे कुरकुरत होते, तरी बसले चाकापाशी आणि टायरच्या खाचेत अंगठा दाबून पाहिला. वॉचमन धावत आला, "मॅडम, कुछ गिर गया क्या?" काही पडलं नव्हतं रे बाबा. हा अंगठा दाबायची सवय मला सोळाव्या वर्षी लागली, ती कशी लागली ते एकदा लिहून टाकायचंय. ज्यांच्यासमोर हे बोलायची लाज वाटायची ती माणसं गेली. मी उरलेय, आणि खरं सांगायचं तर लाज वाटण्यासारखं जास्त माझंच होतं.

आम्ही चारकोपला राहायचो, सेक्टरातल्या बैठ्या घरांच्या गल्लीत. अप्पा, म्हणजे माझे वडील, आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते वर्षभर घरात भिंतीला टेकून बसले होते, असं आई सांगायची. मग गवसकाकांनी त्यांना उठवलं. गवसकाका त्यांच्याच खात्यातले, त्यांच्याच तालुक्यातले आणि पुढे आमच्याच गल्लीतले, आमच्यापासून चार घरं सोडून. त्यांनी आधी स्वतः ड्रायव्हिंग शिकून शाळेच्या मुलांची व्हॅन सुरू केली होती, मग अप्पांना शिकवलं. अप्पांनी एका केटररकडून जुनी पांढरी व्हॅन घेतली. पहिली दोन वर्षं पावसाळ्यात काचा बंद केल्या की आत पुलावाचा वास यायचा आणि सकाळच्या शाळेची पोरं रिकाम्या पोटी "काका, भूक लागली" म्हणून गलका करायची.

सोमवार ते शनिवार ती व्हॅन शाळेची, रविवारी आमची. रविवारी तिच्यातूनच आम्ही चेंबूरला आत्याकडे जायचो, तिच्यातूनच गणपतीला गावी. तिचं सरकतं दार अडकायचं. ते खर्रर्र करत अर्ध्यावर थांबायचं, मग अप्पा खांदा लावायचे आणि ते धाडकन बंद व्हायचं. दुपारी गल्लीच्या तोंडाशी ती 'खर्रर्र-धाड' ऐकू आली की आई कढीला शेवटची उकळी आणायची आणि भाकरी थापायला घ्यायची. अप्पा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भाकरी ताटात. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते शोभेचं.

मुलं वाहणारी गाडी म्हणून तिची दरवर्षी सरकारी तपासणी व्हायची. त्याला सगळे 'पासिंग' म्हणायचे. साहेब दिवे बघणार, हॉर्न वाजवून बघणार, गाडी पळवून ब्रेक दाबायला लावणार, टायर बघणार, आणि मग कागदावर शिक्का. तो शिक्का नसेल तर पोरं बसवता येत नाहीत, म्हणजे चूल बंद. त्यामुळे पासिंग हा आमच्या घरचा दसऱ्याच्या वर, गणपतीच्या जरासा खाली असा सण होता. आठ दिवस आधी अप्पा गंज खरवडून रंग लावायचे. आई सीटचे अभ्रे धुवायची. माझ्याकडे मानाचं काम होतं. इंजिनाखाली लोखंडावर गाडीचा नंबर कोरलेला असतो, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि नंबर उमटवायचा. तो कागद अर्जाला जोडायचे. "बायच्या हाताचो छाप एकदम साफ येता," असं अप्पा सगळ्यांना सांगत. 'बाय' म्हणजे मी. मला नाव आहे, पण अप्पांनी ते कधी घेतलं नाही.

पास होऊन आलो की पुढच्या चाकाखाली लिंबू, दारात नारळ, आणि मग गवसकाकी घावणे घालायच्या. घावणे त्यांच्याच घरी, कारण तसा बिडाचा तवा गल्लीत दुसरा नव्हता. आई नारळाचा रस काढून न्यायची, गूळ-वेलची घालून. काकी घावण्याला जाळी पडेपर्यंत झाकण ठेवायच्या आणि झाकणाखालून चर्र आवाज यायचा. काकींना मूल नव्हतं. पहिला घावणा मला. "खा गो बाय, गाडी पास झाली काय तुयाच पास झालंस." मी सहज पाच-सहा उडवायची.

आता टायरांचं सांगते. गल्लीत पाच व्हॅनवाले होते. पाचांनी मिळून चार नवी कोरी चाकं घेऊन ठेवली होती, रिंगसकट, टायर चढवलेली. गवसकाकांच्या घरामागे गोणपाटाखाली ती एकावर एक रचलेली असायची. त्यांचं नावच 'पासिंगचे टायर'. ज्याचं पासिंग असेल त्याच्या गाडीला आदल्या दिवशी ती चढवायची. शिक्का बसला की घरी येऊन काढायची, आपली जुनी लावायची, आणि ती चार पुढच्या माणसाकडे. पोरांनी त्या ढिगावर बसायचं नाही, दसऱ्याला त्या चाकांना हळदकुंकू लावायचं. कुणी हे लपवत नव्हतं, कारण कुणाला त्यात खोटं असं काही वाटतच नव्हतं. लग्नाला जाताना शेजारणीचा हार घालून जातात ना, तसंच ते. साहेबांसमोर जायचं तर नीटनेटकं जायचं! आमचे स्वतःचे टायर आईच्या पाट्यासारखे गुळगुळीत झालेले होते. त्यांवर रोज अकरा पोरं बसत होती. हे दोन्ही मला माहीत होतं आणि तरी मी शाळेत फुशारकी मारायची, "आमची गाडी कधीच फेल झाली नाही. एकदाही नाही." ते खरंच होतं. तशी गल्लीतली कुठलीच गाडी कधी फेल झाली नव्हती.

त्या वर्षी गवसकाकांचं पासिंग आमच्या आदल्या दिवशी आलं. त्यांची गाडी पास झाली. दुपारी अप्पा आणि मी चाकं आणायला गेलो. अप्पांच्या हातात जॅक, माझ्या हातात पाना. काकी ओट्यावर बसून खोबऱ्याच्या वड्या डब्यात भरत होत्या, थरावर थर, मध्ये कागद. त्यांचा भाऊ आरे कॉलनीत तबेल्यात कामाला होता. त्याला बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बारसं होतं. गवसकाका अप्पांना म्हणाले,

"सख्या, टायर दोन दिवस रवांदेत रे. उद्या हिका घेऊन आरेत जावचा आसा. तो उताराचो रस्तो, माझे टायर बघतंस मां कसे झालेत ते."

"उद्या माझा पासिंग," अप्पा म्हणाले.

"पुढची तारीख घे. सांग साहेबाक, गाडी बिघडली."

अप्पा जॅक हातात धरून उभे राहिले. त्यांनी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला आजही ठाम वाटतं की ते 'हो' म्हणणार होते. गवसकाकांना नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आणि मी मध्येच तोंड घातलं. "अप्पा, पुढची तारीख कशाला? मी छाप काढून ठेवलाय. आणि शिक्क्याची मुदत उद्याच संपते, मग मुलं कशी नेणार? आपली गाडी कधी चुकली नाही पासिंगला!" वर काकांना ऐकवलं, "तुम्ही रिक्षाने जा ना काका!"

सोळा वर्षांची पोर, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालते म्हणून आईने एक ठेवून दिली असती. पण आई तिथे नव्हती. बोलल्या त्या काकीच. डब्याचं झाकण दाबत म्हणाल्या, "बाय बोलता ता बरोबर आसा. अवो, तिचो सण कित्याक मोडतास? सावकाश जाव आपण. रोज पोरांका घेऊन जातास त्याच टायरांवर, एक दिवस माका न्या." आणि मला म्हणाल्या, "घावणे परवा हां, उद्या मी नाय."

मग पुढचा पाऊण तास अप्पा आणि काका मिळून चाकं काढत होते. मी नट मोजून वाटीत ठेवत होते. कामात होते, खुशीत होते. काकांच्या गाडीला त्यांचे जुने टायर बसले, आमच्या गाडीला पासिंगचे. मी गवसकाकांच्या टायरला हात लावला नाही, बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आमची गाडी पास झाली. अर्थात झाली. साहेबांनी ब्रेक दाबायला सांगितला, गाडी जागच्या जागी उभी राहिली. साहेब वाकून टायर बघून म्हणाले, "गाडी जपता हो तुम्ही, मालवणी माणूस म्हणजे असा." अप्पा हसले. त्या शिक्क्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. येताना आम्ही नारळ घेतला, लिंबू घेतलं, मी पुढच्या सीटवर बसून खिडकीतून हात बाहेर काढला होता. गल्लीच्या तोंडाशी दार उघडून बंद केलं, खर्रर्र-धाड, आणि आई बाहेर आली नाही. गवसांच्या दाराशी माणसं उभी होती. कुणीतरी अप्पांना बाजूला घेतलं. मी नारळ छातीशी धरून गाडीपाशीच उभी राहिले. काय झालंय ते मला आईच्या तोंडावरून कळलं, ती गवसांच्या ओट्यावरून पदराने तोंड दाबत येत होती.

आरेत तबेले धुतले की शेणाचं पाणी कुठे कुठे रस्त्यावर वाहून येतं. वळणावर उतार होता. काकांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही, आडवी घसरत गेली आणि काकी बसल्या होत्या त्या बाजूने झाडावर आदळली. तबेल्यातल्या माणसांनी दोघांना उचललं. काकांचा पाय मोडला होता. काकी हॉस्पिटलपर्यंत पोचल्या नाहीत. वड्यांचा डबा त्यांच्या भावाने नंतर परत आणून दिला. झाकण निघालं नव्हतं.

लोक म्हणाले शेणामुळे झालं. लोक म्हणाले वेळ आली होती. म्हणू देत. काका रोज त्याच टायरांवर पोरं नेत होते आणि काही झालं नव्हतं, हेही खरं. चांगले टायर असते तर गाडी थांबली असती का, हे मला माहीत नाही, अप्पांनाही माहीत नव्हतं. पण पाना माझ्याच हातात होता ना! इतक्या वर्षांत माझी कुणीकुणी समजूत घातली, नवऱ्याने घातली, एका डॉक्टरांनीही घातली. समजूत पटते, आणि पहाटे उठलं की पटलेली नसते.

त्या दिवशी संध्याकाळी स्मशानातून आल्यावर अप्पांनी आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच गाडीपाशी गेले. एकट्याने चारी चाकं काढली. जुनी लावली. पासिंगची चार चाकं त्यांनी एकेक करून ढकलत गवसांच्या मागच्या दारी नेली आणि गोणपाट पांघरलं. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू नको बाय." एवढंच. रागाने नाही. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पोरं नेली नाहीत. आईबापांना सांगितलं, गाडी बिघडली. तेरावा झाला, चौदाव्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यासमोर पासिंगचा कागद ठेवला, ताज्या शिक्क्याचा, आणि म्हणाले, "चल. छाप तू घेतलं होतंस. परत देवक पण तूच चल." आईला कळलं तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. "अहो, वर्षभराचा शिक्का आहे हातात. कोण विचारतंय तुम्हाला? खायचं काय उद्यापासून?" अप्पा म्हणाले, "शिक्को टायरांक मिळालो. आमच्या गाडीक नाय." गल्लीतल्या दुसऱ्या व्हॅनवाल्यांनाही कुणकुण लागली होती. त्यांतला एक येऊन हात धरून म्हणाला, "सखाराम, आमच्या पोटावर पाय देऊ नको." अप्पांनी सांगितलं की मी माझ्यापुरतं बोलणार, नाव कुणाचं घेणार नाही. तो विश्वास ठेवेना. मागून काहीतरी घाणेरडं बोलला. अप्पांनी गाडी चालू केली.

पासिंगच्या मैदानात त्या दिवशीही रांग होती. रिक्षा, टेम्पो, आमच्यासारख्या व्हॅन, सगळे धुतलेले, सगळ्यांची तोंडं पूजेला आल्यासारखी. आमचा नंबर आला. तेच साहेब. त्यांनी कागद बघितला आणि वैतागले. "अहो, पंधरा दिवसांपूर्वी पास केलीय ना? आता काय?"

"साहेब, परत तपासा."

"कशाला?"

"टायर बघा."

साहेबांनी बघितलं. टायरवरून नुसता हात फिरवला, आणि मग अप्पांकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. "हे नव्हते त्या दिवशी."

"नाय साहेब. ते आमचे नव्हते. दरवर्षी आमचे नसतत."

"अक्कल आहे का तुला? मला फसवलंस, वर सांगायला आलास? परमिट जाईल तुझं. पोरं नेतोस ना यात?"

"होय. म्हणूनच."

रांगेतले लोक उतरून बघायला लागले. एक जण हसत म्हणाला, "फेल व्हायला आलाय यार, बघ." साहेबांनी हातातलं पेन खिशाला लावलं. मग त्यांनी विचारलं, काय झालं? अप्पांना सांगता येईना. गिरणी बंद पडली तेव्हा न रडलेला माणूस बॉनेटवर हात टेकून, खाली मान घालून उभा. शेवटी मीच सांगितलं. आरे, बारसं, टायर, मी काय बोलले ते, सगळं. अख्ख्या मैदानासमोर. माझा आवाज इतका चिरका निघत होता की मलाच तो ओळखू येईना. साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांनी जुना कागद रद्द केला आणि दुसरा लिहिला. 'चारही टायर पूर्णपणे झिजलेले. वाहन रस्त्यावर चालविण्यास अयोग्य.' शिक्का मारला. तोच आवाज. म्हणाले, "टायर घातलेस की ये. परमिटचं मी बघतो. आणि ही गाडी चालवत नेऊ नकोस, ओढत ने." ओढून न्यायला टेम्पो मिळेपर्यंत दुपार झाली. मी आणि अप्पा त्या टेम्पोत पुढे बसून चारकोपला आलो.

गाडी दोन महिने दारात उभी राहिली. निम्मी पोरं दुसऱ्यांच्या व्हॅनमध्ये गेली, ती परत आली नाहीत. अप्पा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गोदामात माल चढवायला जात होते. भाकरी थापताना आईचा हात फार जोरात पडायचा. गल्लीतले व्हॅनवाले आमच्याशी बोलेनासे झाले. गंमत अशी की पासिंगचे टायर नंतर कुणीच मागायला गेलं नाही. काय म्हणून मागणार, आणि कुणाकडे?

पण मला सांगायचं ते हे नाही. गवसकाका हॉस्पिटलातून घरी आले ते आम्ही फेल होऊन आल्याच्या तिसऱ्या दिवशी. पाय प्लास्टरमध्ये, खाटेवर पडून. अप्पा संध्याकाळी मला घेऊन त्यांच्याकडे गेले. मी दारातच थिजले. चुलीपाशी भिंतीला बिडाचा तवा उभा होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. अप्पा खाटेच्या कडेला बसले. गिरणीतल्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेली माणसं, त्यांना न बोलता बसायची सवयच होती. मग अप्पांनी खिशातून तो कागद काढून काकांच्या हातात दिला.

काकांनी तो लांब धरून वाचला. एकदा, मग परत एकदा. विचारलं, "तुजी फेल झाली?"

"मीच घेऊन गेलंय."

काकांनी कागद छातीवर ठेवला. वर आढ्याकडे बघत होते. मी वाट बघत होते की आता ते माझं नाव घेतील, मला म्हणतील, बाय, तू त्या दिवशी गप्प बसली असतीस तर. म्हणावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी तसं काहीच म्हटलं नाही, ना तेव्हा, ना पुढे कधी. आणि मीही त्यांची माफी मागितली नाही. दर दिवाळीला फराळ घेऊन जायची, पाया पडायची, आणि तसंच परत यायची. ते गेले तेव्हाही मी पायथ्याशी उभी होते, आणि तेव्हाही नाही.

त्या संध्याकाळी ते अप्पांना म्हणाले, "सख्या, माझी गाडी दरवर्षी पास झाली रे." मग तव्याकडे बघत म्हणाले, "एकदा तरी फेल जावक व्हयी होती. एकदा तरी. तर ही आज हंय असती."